शिडीवरचा शिक्का

लोकांच्या दारात जाऊन त्यांच्या मनात काय आहे ते विचारायचं आणि याला काम म्हणायचं, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. सासर असोद्याचं, केळीवाल्यांचं. कुणी विचारलं, मोठी सून काय करते, तर ते म्हणायचे, "फिरते." जनगणनेची बाई, कुटुंब नियोजनाची बाई, अल्पबचतीची बाई, यांतलं कुठलंच नाव मला लागू पडत नव्हतं. मी मतचाचणीची बाई होते. ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा या कामाला लागले आणि पुढे निवडणूक आली की जळगाव-धुळ्याच्या गावांतून कागद, पेन आणि एक पत्र्याचा डबा घेऊन हिंडले.

काम दिसायला सोपं. पुण्याला मतदार यादीतून नावं काढली जात. ज्याचं नाव निघालं त्यालाच विचारायचं. त्याच्या थोरल्या भावाला नाही, सरपंचांना नाही, आणि बाईचं नाव असेल तर तिच्या नवऱ्याला तर नाहीच नाही. इथेच सगळी मेहनत. एरंडोलला एका घरात सुनेचं नाव निघालं, तर सासू, दीर आणि नवरा असे तिघं माझ्यासमोर येऊन बसले. मी प्रश्न विचारला की तिघं बोलायचे आणि सून आत भाकरी थापायची. शेवटी मी उठून चुलीपाशी जाऊन बसले. धुराला कंटाळून पुरुष आत आले नाहीत, सासूबाईंना खोकला आला म्हणून त्या बाहेर गेल्या. त्या मुलीनं मला जे सांगितलं ते बाहेरच्या तिघांच्या एकाही वाक्याशी जुळत नव्हतं.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. धरणगावला कापसाचे एक मारवाडी शेठजी होते. गादीवर बसवलं, चहा दिला, आणि म्हणाले, "लिखो बाई, जो जितेगा वो अपना."

मी म्हटलं, "शेठजी, कोण जिंकेल ते अजून ठरायचं आहे."

"मग ठरल्यावर या ना," शेठजी म्हणाले. "घाई काय आहे?"

दोन गोष्टी आम्हाला घोटून शिकवल्या होत्या. एक, चेहरा कोरा ठेवायचा. समोरचा काहीही बोलला तरी भुवई हलता कामा नये, नाहीतर तो आपल्याला आवडेल ते बोलायला लागतो. दुसरी, एका घरात ऐकलेलं दुसऱ्या घरात न्यायचं नाही. दारात पाऊल टाकताना तसं वचन द्यायचं आणि ते पाळायचं. या दोन्ही गोष्टी मला चांगल्या जमतात असं मी समजत होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर विधानसभेची एक निवडणूक आली आणि तो समज गेला.

आमचं काम पुण्याच्या एका प्राध्यापकांकडून यायचं. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणत असू. त्या वर्षी सर जळगावला आले ते नवेच प्रश्न घेऊन. म्हणाले, "शैलजाबाई, युरोपातल्या पोलंड, हंगेरी या देशांत इतकी वर्षं एकाच पक्षाचं राज्य होतं. ते कोसळलं. आता तिथे खऱ्या निवडणुका होतात, आणि कालपर्यंत कुणाला ठाऊक नसलेला माणूस उभा राहतो, 'सगळे वरचे चोर, तुम्ही तेवढे खरे' म्हणतो आणि लोक त्याला भरभरून मतं देतात. लोकांना असं का वाटतं, आणि तसं वाटणारा माणूस शेवटी शिक्का कुठे मारतो, हे शोधायला तिथल्या मित्रांनी काही प्रश्न केलेत. ते आपण इथे विचारू."

मला हसू आलं होतं. पोलंडचे प्रश्न आणि उत्तरं देणार धुळ्याकडचे ज्वारीवाले. पण माझं माहेर तिकडचं, अहिराणी माझ्या आईची भाषा, म्हणून प्रश्न बोलीत बसवायचं काम माझ्याकडे आलं. छापील वाक्य होतं, 'सत्ताधारी अभिजनांना सामान्य जनतेच्या मताची कदर नसते.' हे कुठल्या दारात बोलणार? मी ते केलं, 'मोठा लोके आपले इचारतस का?' सरांनी दोनदा वाचून पाहिलं आणि म्हणाले, "तिथल्यापेक्षा हे बरं आहे."

मला मिळालेल्या गावांत धुळ्याकडचं एक मोठं गाव होतं. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथे आहेत. तिथले आमदार त्याच गावचे. सगळे त्यांना आबा म्हणत. ते बरीच वर्षं निवडून येत होते, आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मला कुठे भेटला नव्हता. गावात नळ आणले, हायस्कूल आणलं. सकाळी घराच्या ओट्यावर बसत आणि येईल त्याचं काम ऐकून घेत.

त्या गावात यादीतून निघालेलं एक नाव गिरणीवाल्या अक्कांचं होतं. पन्नाशी उलटलेल्या, नवरा लवकर गेलेला, पिठाची गिरणी एकटीनं चालवणाऱ्या. भुवयांवर, पापण्यांवर पीठ बसलेलं असायचं. मी गेले तेव्हा पट्टा बंद करून त्यांनी मला पोत्यावर बसवलं आणि आधी भाकरी-चटणी खायला लावली, मग म्हणाल्या, "इचार आते."

मी विचारलं, "मोठा लोके आपले इचारतस का?"

त्या हसल्या. "आम्हले कोन इचारस?"

पुढे आमदारांच्या कामाचा प्रश्न आला तशा त्या गंभीर झाल्या. "आबा देवमानूस शे," म्हणाल्या आणि हकिगत सांगितली. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली. मूल आडवं. गावात गाडी नाही. आबांनी स्वतःची जीप काढली, तिला धुळ्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं आणि ती सुटेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. मुलगी वाचली, नातूही वाचला. हे सांगताना अक्कांनी आबांच्या घराच्या दिशेला हात जोडले.

मग मी त्यांना खोटी मतपत्रिका दिली. उमेदवारांची नावं आणि चिन्हं छापलेली ही चिठ्ठी मतदारानं आडोशाला जाऊन खूण करून आमच्या डब्यात टाकायची, म्हणजे तोंडावर सांगायचा संकोच राहत नाही. अक्का गिरणीच्या मागे गेल्या आणि घडी घालून चिठ्ठी टाकली.

आबांच्या विरोधात त्या वेळी एक अपक्ष उभा होता, भगवान नावाचा. चिन्ह शिडी. त्याचे ट्रक होते आणि तोंड फार वाईट. त्यानं कुणाचं भलं केल्याचं कुणाला आठवत नव्हतं, भांडणं मात्र सगळ्यांना आठवत होती. बाजाराच्या दिवशी त्याची सभा मी ऐकली. तो स्टेजवर चढलाच नाही, भाजीवाल्यांच्या मध्ये एका उलट्या टोपलीवर उभा राहिला.

"मी रस्ता आणणार नाही," तो म्हणाला. "पाणी आणणार नाही. शाळा आणणार नाही. ते आणतो म्हणणारे सगळे ओट्यावर बसतात आणि तुम्ही खाली. मी एकच काम करणार. त्यांना ओट्यावरून खाली ओढणार. पटलं तर द्या मत, नाहीतर जा घरी."

लोक आधी हसले. मग हसणं थांबलं. माझ्या शेजारी कांदे विकणारा म्हातारा हातातला तराजू तसाच धरून उभा होता. तरीही मला वाटलं, काहीच करणार नाही असं सांगून मतं मागणाऱ्याला कोण मत देईल? सरांना मी फोनवर तसंच सांगितलं. डब्यांतल्या चिठ्ठ्याही तेच म्हणत होत्या, आबा पुढे आहेत.

निकाल लागला तेव्हा मी जळगावात एसटीडी बूथवर उभी होते. भगवान निवडून आला होता, आणि थोडक्यात नाही. आबांच्या स्वतःच्या गावातही शिडी पुढे होती. सरांना फोन लावला. आकडे सांगितले. मग सरांनी विचारलं, "शैलजाबाई, राग मानू नका. तुम्ही त्या गावात खरोखर गेला होतात ना?"

हा प्रश्न का आला ते बाहेरच्यांना सांगायला हवं. या धंद्याला एक रोग आहे. काही जण गावात जातच नाहीत. लॉजवर बसून मनानं उत्तरं भरतात. पकडले गेले की पुन्हा काम मिळत नाही. मी वर्षानुवर्षं उन्हातान्हात दारं ठोठावली होती आणि आता मला हे विचारलं जात होतं. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही या. माझ्याबरोबर दारोदार चला."

सर खरंच आले. आमच्या कामात एक सोय होती. त्याच माणसांना निवडणुकीनंतर पुन्हा भेटायचं असं आधीच ठरलेलं होतं. धुळ्याहून एसटीनं आम्ही त्या गावी उतरलो आणि पहिल्यांदा गिरणीवर गेलो.

अक्कांनी मला पाहिलं आणि पट्टा बंद केला. सरांनी नमस्कार करून विचारलं, "या बाईंना ओळखता?"

"वळखस ना," अक्का म्हणाल्या. "हाई बाई आठेच बठेल व्हती. मन्ही चटणी खाईसन डोयास्मा पानी उनं तिले."

सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, सुटले. खरं म्हणजे पुढचं ऐकण्यापेक्षा खोटारडी ठरले असते तर बरं झालं असतं, असं वाटायला लावणारी गोष्ट अजून यायची होती.

सरांनी नियमाप्रमाणे विचारलं, "अक्का, सांगायचं नसेल तर सांगू नका. या वेळी मत कुणाला दिलंत?"

अक्कांनी सुपातलं पीठ हातानं सारखं केलं. "शिडीवर शिक्का मारा मी," म्हणाल्या.

माझा चेहरा तिथे सुटला. तोंडातून निघून गेलं, "अक्का, आणि आबा?"

"आबा देवमानूसच शे. मी नही कधय म्हनं?"

"मग माझ्या डब्यात?"

"तुन्हा डब्बामा आबालेच टाकं. उपकार शेतस ना त्यास्ना." मग समजावल्यासारख्या म्हणाल्या, "पन तुन्हा डब्बा खोटा डब्बा, बाई."

सरांनी हलक्या आवाजात विचारलं, "भगवान तुमच्यासाठी काय करेल?"

"काही नही करी. माले माहीत शे."

"मग का दिलं?"

बाहेर एक बाई दळणाचा डबा घेऊन आली होती, तिला त्यांनी नंतर ये म्हणून खुणावलं. मग जे बोलल्या ते मी बोलीतून काढून सांगते, कारण मला त्यातला एकही शब्द चुकवायचा नाही. मुलगी वाचली त्यानंतर त्या आबांच्या ओट्यापाशी कितीदा तरी गेल्या. रेशनकार्डासाठी, गिरणीच्या विजेसाठी, नातवाच्या दाखल्यासाठी. दर वेळी खाली अंगणात बसल्या. दर वेळी हात जोडले. आबांनी दर वेळी काम केलं. आणि दर वेळी घरी परत येताना त्यांना आपण आणखी थोड्या बुटक्या झालो असं वाटलं. भगवान मत मागायला गिरणीत आला तेव्हा याच पोत्यावर बसला, त्यांच्या हातची भाकरी खाल्ली, कपड्याला पीठ लागलं ते झटकलं नाही, आणि मोठ्या लोकांना शिव्या दिल्या.

"त्यानी शिव्या दिन्ह्यात ना," अक्का म्हणाल्या, "त्या मन्हा पोटमा व्हत्यात, बाई. माले देता येत नव्हत्यात."

आम्ही बाहेर आलो. सर शाळेच्या भिंतीला टेकून उभे राहिले. इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांना असं बघितलं नव्हतं. म्हणाले, "पोलंडमधली एक बाई मला हेच म्हणाली होती. कारखान्यानं तिला घर दिलं होतं. घर देणाऱ्यांच्या विरोधात तिनं मत दिलं. मला वाटलं, माझ्या दुभाष्यानं चूक केली."

सरांना पडलेल्या उमेदवाराचीही मुलाखत हवी होती. दुपारी आबांकडे गेलो. मला जायचं नव्हतं.

ओटा रिकामा होता. आबा एकटेच बसले होते, धुतलेलं धोतर, अंगात स्वच्छ सदरा, जणू कुणी येणार आहे. सरांना त्यांनी खुर्ची दिली. माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, बसा." वर ओट्यावर की खाली अंगणात, कुठे बसावं हेच मला क्षणभर सुचेना.

आबांना वाटत होतं, दारू वाटली गेली, कुणीतरी आतून फितूर झालं. "नळ आणले," म्हणाले. "शाळा आणली. एक पैसा खाल्ला नाही. सर, तुम्ही अभ्यास करता, तुम्ही सांगा. राहिलं काय?"

सर वहीत लिहीत राहिले. मग आबांनी मला विचारलं, "तुम्ही घरोघर गेला होतात, ताई. सगळ्यांचं राहू द्या. गिरणीवाली अक्का आहे ना, तिनं तरी मला दिलं असेल?"

मला उत्तर माहीत होतं. थोड्या वेळापूर्वीच ऐकलेलं ते माझ्या पिशवीतल्या कागदांवर नव्हे, डोक्यात भरून राहिलं होतं. हो म्हटलं असतं तर म्हाताऱ्याला त्या दुपारपुरता तरी आधार झाला असता. नाही म्हटलं असतं तर काय राहिलं ते त्यांना कदाचित कळलं असतं. पण अक्कांच्या दारात दिलेलं वचन होतं.

"आबा, कुणाचंच काही बोलायची आम्हाला मुभा नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. या वेळी मी चेहरा कोरा ठेवला होता. इतका कोरा ठेवला की त्यांना समजलं असावं.

"बरोबर आहे तुमचं," आबा म्हणाले आणि आत चहा सांगितला.

चहा होईपर्यंत सरांनी नेहमीचे प्रश्न काढले. मीच वाचले. 'मोठा लोके आपले इचारतस का?' इथे पोहोचले तेव्हा मला वाटलं हा प्रश्न गाळावा. इतकी वर्षं आमदार राहिलेल्या माणसाला हे काय विचारायचं?

आबा म्हणाले, "कोण विचारतं, ताई? मुंबईला जातो ना मी, साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसवतात. दुपारचं जेवण टळून जातं. आत बोलावलं की उभ्या उभ्या काम सांगायचं, हात जोडायचे आणि निघायचं. लिहा, कोणी विचारत नाही."

मी लिहिलं. चहा आला. सरांच्या आणि माझ्या दोघांच्या नजरा आपापल्या कपात होत्या.

सरांनी हे काम पुढच्या वर्षीही चालू ठेवलं. त्याच माणसांना तिसऱ्यांदा भेटायचं होतं. तोवर भगवान आमदार म्हणून रुळला होता. बोलल्याप्रमाणे त्यानं काहीच आणलं नव्हतं. पण एक दिवस तालुक्याच्या कचेरीत लोकांना ताटकळत ठेवतात अशी ओरड झाली म्हणून तो पन्नास माणसं घेऊन आत शिरला आणि खिडकीशी बसलेल्या कारकुनाच्या थोबाडीत मारली. बाहेर गर्दीनं टाळ्या वाजवल्या. त्याचा फोटो पेपरात आला होता. गावागावांत लोक मला ते कौतुकानं सांगत होते. शिकलेले सांगत होते, मास्तर सांगत होते, आणि चुलीपाशी बसलेल्या बायाही सांगत होत्या. मी प्रत्येक ठिकाणी चेहरा कोरा ठेवून खुणा करत होते आणि आतून गारठत होते. हीच ती माणसं, ज्यांनी मला पाणी दिलं, सावलीला बसवलं. यांच्या हातून टाळी कशी वाजली?

अक्कांकडे शेवटी गेले. त्या वर्षी एक प्रश्न वाढवलेला होता. लोकांचं काम होत नसेल तर पुढाऱ्यानं अधिकाऱ्यावर हात उचलणं योग्य आहे का.

अक्कांनी गिरणी बंद केली नाही. आवाजातच म्हणाल्या, "मी तठेच व्हती."

त्या दिवशी त्या फाटलेलं रेशनकार्ड बदलून घ्यायला रांगेत उभ्या होत्या. सकाळपासून उभ्या होत्या. थोबाडीत बसली तेव्हा त्यांनीही टाळी वाजवली. त्यांच्याच शब्दांत, अंगातून एक ओझं उडून गेलं. मग भगवान आणि त्याची माणसं घोषणा देत निघून गेली, गर्दी पांगली, आणि रांगेत अक्का पहिल्या उरल्या. कारकून निवृत्तीला आलेला माणूस. त्यानं खाली पडलेला चष्मा उचलला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला. गाल लाल झाला होता. खिडकीतून अक्कांकडे बघून त्यानं विचारलं, "तुमचं काय काम होतं, मावशी?"

अक्कांनी काम सांगितलं नाही. तशाच घरी आल्या.

आता त्यांनी पट्टा बंद केला. गिरणी फिरत फिरत थांबली. मी पेन धरून बसले होते. प्रश्न पुन्हा वाचला, कारण तसा नियम होता. योग्य आहे का?

"माले खुशी व्हयनी," अक्का म्हणाल्या. "जीव थंडा व्हयना. मंग घर उनू आनि लाज वाटनी. इतली लाज, बाई, दोन दिन जेवनी नही." मग एका बोटावर खुशी, दुसऱ्यावर लाज मोजली आणि माझ्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, "दोन्ही लिख."

कागदावर चौकोन तीन होते. योग्य आहे, योग्य नाही, सांगता येत नाही. एका माणसाची एकच खूण. मी कुठेच खूण केली नाही. अक्का जे बोलल्या ते कडेच्या कोऱ्या जागेत त्यांच्याच बोलीत, बारीक अक्षरात, सगळं उतरवलं, आणि तो कागद बाकीच्यांबरोबर पुण्याला पाठवला.

काही महिन्यांनी सरांच्या ऑफिसात गेले तेव्हा तो कागद काढून बघितला. कॉम्प्युटरवर उत्तरं चढवणाऱ्या मुलीला अहिराणी येत नव्हती. कडेचं तिनं सोडून दिलं होतं आणि खूण नाही म्हणून तिसऱ्या चौकोनात लाल पेनानं आकडा घातला होता. सांगता येत नाही.

अक्कांनी तर सगळं सांगितलं होतं.